दादाच्या मिशीबद्दल खरं काय ते

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावच्या न्हाव्याचा हात हलला आणि माझ्या मोठ्या भावाची मिशी गेली, अशी गोष्ट आमच्या नात्यात अजून फिरते आहे. एका लग्नाच्या पंगतीत मी ती स्वतः ऐकली आणि मुकाट्यानं खाली मान घालून वरण-भात कालवत बसलो. ती गोष्ट खोटी आहे. न्हाव्याचा हात हलला नव्हता. मिशी मी घालवली. कशी घालवली ते सांगायचं तर मला आधी माझ्या दाढीपासून सुरुवात करावी लागेल.

नोकरीभर मी दाढी केली असं म्हणता येणार नाही. उरकली. ऊर्जानगरला वीज केंद्रात पाळीची नोकरी होती. कंपनीची बस क्वार्टरच्या कोपऱ्यावर हॉर्न वाजवायची तेव्हा माझ्या एका गालावर हटकून फेस असायचा. वापरून फेकायचा प्लॅस्टिकचा रेझर मी फेकत नसे. तो केस कापायचं सोडून उपटायला लागला की मगच त्याची सुटका व्हायची. निवृत्त झालो, चंद्रपुरात स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा पहिल्यांदा आरशासमोर निवांत उभं राहायला मिळालं. त्याच सुमारास मोबाइलवर एक व्हिडिओ समोर आला. एक माणूस वाटीत ब्रशनं साबण घोटत होता, आपण वरण घोटावं तसा. मग त्यानं जुन्या पद्धतीच्या, पातं अडकवायच्या रेझरनं सावकाश दाढी केली. त्याला कुठल्याही बसला जायचं नव्हतं. मला त्या माणसाचा हेवा वाटला.

पेन्शनीत हौस बसवायची म्हणजे जमवाजमव आली. रेझर मिळाला बाजारात, जुनी कुलपं आणि अडकित्ते विकणाऱ्याच्या पोत्यावर. पितळी होता, आणि त्याच्या दांड्यात कुणाच्या तरी दाढीचा साबण दगड होऊन बसला होता. चिंच लावून घासला तेव्हा सोन्यासारखा निघाला. ब्रश स्वस्तातला घेतला. तो माझे केस काढायच्या आधी स्वतःचेच गाळायचा. साबणाची गोल वडी किराणा दुकानातली. तुरटी घरात होतीच. राहिली वाटी, ती मी मांडणीवरून उचलली.

"हे वाटी आता इकडं परत आनू नका," बायको म्हणाली. "साबनाची आमटी खायाची हौस नाई मले."

व्हिडिओतला माणूस सांगायचा, रेझर दाबू नका, त्याच्या वजनानंच काम होतं. मला हे पटायला बराच काळ आणि बरंच रक्त गेलं. करपलेलं पातेलं खरवडावं तसा मी गाल खरवडायचो आणि मग जिथं तिथं वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवून चहाला बसायचो. बायको ते जवळ येऊन वाचायची.

"आज हनुवटीवर राशिभविष्य हाये तुमच्या. 'प्रवास टाळा' म्हनते."

मी तिचं ऐकलं असतं तर हे सगळं पुढचं टळलं असतं.

पण हळूहळू हात बसला. फेस दह्यासारखा घट्ट व्हायला लागला. गळ्यावरचे माझे केस एका बाजूला सरळ खाली जातात आणि दुसऱ्या बाजूला आडवे वळतात, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं हा चेहरा घेऊन फिरलो आणि त्यावरचे रस्ते मला ठाऊक नव्हते. ज्या दिवशी एकही कागद न लावता मी चहाला बसलो, त्या दिवशी मला वाटलं आपण शिकलो. आणि नुकत्या शिकलेल्या माणसाला गुरू व्हायची फार घाई असते. शेजाऱ्यांना सांगून झालं, भाजीवाल्याला सांगून झालं. आता मला एक चेहरा हवा होता.

तो दादाच्या रूपानं मिळाला. दादा वैनगंगेपलीकडे आमच्या गावी धानाची शेती करतो. त्याच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू गडचिरोलीला काढायचा ठरला, आणि सोबत म्हणून मी गेलो. पिशवीत कपड्यांच्या आधी रेझर, ब्रश आणि वाटी भरली. डोळ्यावर हिरवं फडकं लावलेल्या दादाला घेऊन एसटीनं गावी पोचलो, तेव्हा त्याची दाढी चांगलीच वाढली होती आणि तो सारखा गाल खाजवत होता.

आता दादाच्या मिशीबद्दल. माझ्यासारखी नावापुरती नाही. जाड, पांढरी, दोन्ही टोकं किंचित वर. तिला फक्त एकाच माणसाची कात्री लागायची. गावचा न्हावी हा दादाचा लहानपणापासूनचा दोस्त. रविवारी आणि बुधवारी सकाळी तो धोकटी काखेला मारून ओसरीवर यायचा, दाढी व्हायची, चहा व्हायचा, मग दोघं उन्हं वर येईस्तोवर एकमेकांना शिव्या देत बसायचे. वहिनीनं एकदा दादाच्या मिशीत अडकलेलं भाताचं शीत काढायला हात पुढे केला, तर दादा म्हणाला होता, "राहू दे वो, उद्या तो येईल."

आम्ही पोचलो तेव्हा न्हावी नात्यातल्या लग्नाला परगावी गेला होता. मला ही संधी वाटली. ऊन उतरायच्या आत दादाला मागच्या अंगणात खाटेवर बसवलं.

"तुले येते का?" दादानं विचारलं.

"माह्या गालाकडे पाहून घे ना."

"कोन्त्या डोळ्यानं पाहू?"

एकावर फडकं आणि दुसऱ्यात अजून मोतीबिंदू. बिचारा खरंच बोलत होता. डॉक्टरनं डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं, म्हणून मी वरच्या बाजूला टॉवेल बांधला, फेस घोटला, आणि जन्मात केली नसेल इतकी सुंदर दाढी केली. खोटं नाही सांगत. वहिनीनं वाकून बघितलं.

"भाऊजी, गाल तर लोन्यासारखा केला तुमी!"

तिनं एवढं म्हणायला नको होतं. ती चहा ठेवायला आत गेली आणि मला मिशीची खालची कड वाकडी दिसायला लागली.

"मिशीले हात नको लावू," दादा म्हणाला. त्याला दिसत नव्हतं, पण माझा श्वास जवळ आलेला कळला असावा.

"नाई रे, फेस पुसून राह्यलो."

हे पहिलं खोटं. या रेझरचं पातं त्याच्या डोक्याखाली झाकलेलं असतं, ते नेमकं कुठं टेकलं हे वरून दिसत नाही. गालाला ते चालतं. मिशीला चालत नाही. त्यातून फेस दादाच्या नाकात गेला आणि तो शिंकला. मी रेझर उचलला तेव्हा मिशीचं डावं टोक रेझरबरोबर वर आलं.

"झालं?" दादा म्हणाला.

"झालं."

"कशी झाली?"

"एकदम बरोबर."

आमची पिढी पाकिटं शितानं चिकटवणारी. शाळेची फाटलेली पुस्तकं, पतंग, लग्नपत्रिका, सगळं भाताच्या शितावर उभं राहिलेलं. धानाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला डिंक आठवत नाही. मी स्वयंपाकघरात गेलो, सकाळच्या भातातली दोन शितं उचलली, बोटावर मळली, आणि "थांब, जरासा साबन राहिला" असं म्हणत ते टोक होतं तिथं चिकटवून दिलं. दोन पावलं मागं सरून पाहिलं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

त्या दिवशी दादानं मिशीकडे हात नेला की मी ओरडायचो, "डॉक्टरनं तोंडाले हात लावू नको म्हनलं!" डॉक्टर असं काही बोलले नव्हते. जेवताना मिशी भिजू नये म्हणून पेज मी त्याला चमच्यानं भरवली. वहिनीनं डोळ्याला पदर लावला. "भाऊ असावा तर असा," ती म्हणाली. केस वाढेपर्यंत असंच भरवत राहायचं, असा काहीतरी माझा बेत होता. बेत म्हणजे काय, घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते.

सकाळी उजाडता उजाडता न्हावी हजर. लग्नाहून आला होता आणि दोस्ताचं ऑपरेशन झाल्याचं ऐकून तसाच इकडे वळला होता.

"काय गा, आनला का नवा डोळा?"

"आनला. पन उठून तुह्यंच थोबाड पाहाचं असंल तर कायले आनला असं वाट्टे."

"अन् दाढी कोनं केली बे?"

"बाबूनं." घरात धाकटा म्हणून मी या वयातही बाबूच आहे.

न्हाव्यानं अंगठा दादाच्या गालावरून फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. "चांगली केली. बाबू, पेन्शन पुरत नसंल तर ये माह्यासंगं धंद्यात."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी हसलो.

"मिशी तेवढी ठेवली बाबूनं माह्यासाठी. टोकं बरोबर करून देतो."

"राहू द्या ना भाऊ," मी म्हणालो, "थंडी हाये."

"थंडीत मिशी कापू नाई, असं कोन्त्या शास्तरात लिवलं हाये?"

तो बोलत होता, दादाला लग्नातल्या वरमाईची नक्कल करून दाखवत होता, आणि बोलता बोलता त्यानं डाव्या टोकाला कात्री लावली. अख्खं टोक दादाच्या मांडीवरच्या फडक्यावर पडलं.

न्हाव्याचं बोलणं थांबलं. त्यानं फडक्यावरच्या केसांकडे पाहिलं. मग कात्रीकडे. मग उजवा हात उलटा करून त्याच्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी असावा. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. माझ्यावर संशय यायचं त्याला कारणच नव्हतं. मी तोंड उघडलं. आणि मी काय बोललो असेन?

"चहा आनू का?"

पुढं जे झालं ते माकडानं लोण्याची वाटणी करावी तसं झालं. डावीकडे कमी म्हणून उजवीकडे, उजवीकडे जास्त गेली म्हणून डावीकडे. शेवटी नाकाखाली दोन मुंग्यांएवढं काहीतरी उरलं, तेही त्यानं निमूट वस्तऱ्यानं काढून टाकलं. दादानं ओठावरून हात फिरवला. परत फिरवला.

"काय केलं बे हे?"

"हात हालला गा. माही चूक हाये."

"अबे, मिशी होती ते, धानाचं तनस नोहे! मी जित्ता असून मलेच सुतकात बसवलं!"

दादा उगाच बोलला नव्हता. आमच्याकडे माणूस मिशी उतरवतो तो घरात कुणी गेल्यावर, दहाव्याला. एरवी नाही. त्यात डॉक्टरनं दादाला डोक्यावरून अंघोळ करू नका, घराबाहेर पडू नका, डोक्याला गुंडाळून बसा असं सांगितलेलं. म्हणजे ओसरीवर कोण बसलं होतं? डोक्याला पांढरा टॉवेल, बिनमिशीचं तोंड, कुठं जाणं नाही, कुणाशी बोलणं नाही, आणि दुखऱ्या डोळ्यातून पाणी. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं पाहिलं आणि सायकलवरून पुढच्या गावी बातमी नेली.

दुपारी आमची आतेबहीण आली. फाटकापासूनच तिनं सूर लावला. आईवडील जाऊन जमाना झाला, वहिनी समोर उभी, मग गेलं कोण? तिनं हिशेब करून मला मारलं होतं.

"माह्या भावा रेऽऽ, चंद्रपूरच्या धुरानं खाल्लं रे तुलेऽऽ!"

मी मागच्या अंगणातून हातात भज्यांची ताटली घेऊन बाहेर आलो. मला पाहून तिचा आवाज आणखीच चढला. वहिनीनं तिला धरून बसवलं, पाणी दिलं. दोन घोट घेतल्यावर तिनं भजं उचललं आणि रागानं विचारलं, "मंग मेलं कोन?"

"मिशी," वहिनी म्हणाली.

संध्याकाळपर्यंत आणखी माणसं येऊन बसून गेली. प्रत्येकाला सगळं सांगावं लागलं, प्रत्येक जण हसून गेला, आणि प्रत्येकाच्या सोबत एकच गोष्ट फाटकाबाहेर पडली. न्हाव्याचा हात हलला. म्हातारा झाला तो. मी चहाचे कप उचलत राहिलो.

रविवारी तो आला नाही. बुधवारीही नाही. मी चंद्रपूरला परतलो.

इकडे माझी दाढी बिघडली. तोच रेझर, तोच साबण, पण फेस लावला की मला उलटा केलेला एक हात दिसायचा. परत कागद चिकटायला लागले. वहिनीचा फोन आला की मी डोळ्याचं विचारायचो आणि ती न्हाव्याचं सांगायची. त्यानं धोकटी खुंटीला टांगली होती. हात गेला म्हणत होता. पाटलाकडच्या लग्नात नवरदेवाची दाढी करायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरचा, तिथंही त्यानं नाही म्हटलं. दुसऱ्या गावाहून न्हावी आणावा लागला.

"अन् दादा?" मी विचारलं.

"त्याचं तोंड नाई पाहाचं म्हन्ते. अन् सकाऊन उठून रस्त्याकडंच पाहत बसते."

फोन ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. शितापर्यंत आलो तेव्हा तिचा हात थांबला.

"शितानं?"

"हो."

ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "अन् तो मानूस तिकडं आपला हात पाहत बसला असंल." मग माझी पिशवी काढून दिली.

दादाला मी आधी सांगितलं. त्याची मिशी तोवर कापलेल्या धानाच्या खुंटांसारखी उगवली होती. सगळं ऐकून तो उठला, काठी घेतली, आणि मला मागं यायची खूण करून न्हाव्याच्या घराकडे चालायला लागला. न्हावी अंगणात लाखोळीची डाळ वाळत घालत होता. आम्हाला पाहून उभा राहिला.

"सांग त्याले," दादा म्हणाला.

मी सांगितलं. रेझर, शिंक, भात, सगळं. मान वर करून सांगायचं ठरवलं होतं, पण बहुतेक वेळ मी लाखोळीशीच बोललो.

न्हाव्यानं मूठभर डाळ उचलून परत पसरली. मग म्हणाला, "तरीच ते टोक कात्रीले कडक लागलं. मले वाटलं तेल वाळलं." आणि मग आवाज चढवून, "अन् तुले चहा सुचला, बाबू? मी नवरदेवाले नाई म्हनलो. पानी प्यालो तरी गिलास हालते का पाहो. अन् तुले चहा सुचला?"

मी हात जोडले. त्यानं ते पाहिले न पाहिले.

दादा खाटेवर बसला. "आता रडाचं असंल तर रड, नाई तर धोकटी काढ."

"तुही तर उगवलीबी नाई अजून."

"माही नाई गा," दादानं काठी माझ्या तोंडाकडे केली. "हे काय, आयती हाये."

न्हाव्यानं माझ्या मिशीकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तो आत गेला आणि खुंटीवरची धोकटी घेऊन आला. वस्तऱ्यात नवं पातं घालताना त्यानं क्षणभर हात पुढं धरून पाहिला. मीही पाहिला. मग त्यानं माझं डोकं मागं टेकवलं, पाणी लावलं, आणि वस्तरा नाकाखाली टेकवून तिथंच थांबला.

"चहा आनू का?" त्यानं विचारलं.

दादा इतका हसला की डोळ्याचं पाणी पुसायला त्याला वहिनीनं दिलेलं स्वच्छ फडकं शोधावं लागलं. मला मात्र हसायची सोय नव्हती. वस्तरा हलला तो फक्त जिथं हलायला हवा तिथं. सुरुवात कधी झाली आणि संपलं कधी, ते मला वाऱ्यावरून कळलं. ओठावर थंडी वाजली.

"मिशी येईस्तोवर," तो वस्तरा पुसत म्हणाला, "जो इचारंल कोन गेलं, त्याले पुरी गोष्ट सांगाची. शितासकट."

म्हणून गडचिरोलीच्या स्टँडवर चहावाल्याला सांगितली. एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता हळू आवाजात विचारलं, "काका, घरी कोन..." त्याला सांगितली, तर त्यानं ड्रायव्हरला ऐकायला बोलावलं आणि मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. जी माणसं विचारत नाहीत, नुसतीच गंभीर होऊन बाजूला सरकतात, आणि जी लग्नाच्या पंगतीत अजून जुनीच गोष्ट सांगतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

घरी बायकोनं दार उघडलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. कोण गेलं म्हणून तिनं विचारलं नाही.

"त्यानं केली?"

"हो."

तिनं दोन बोटं माझ्या ओठावरून फिरवली, इकडून तिकडे, परत तिकडून इकडे.

"हात कसा हाये त्याचा?"

"एकदम बरोबर," मी म्हणालो.